चमच्याचा डावा पाय

६ मे

पायात कड्या! दोन्ही पायांत! डाव्यात लाल, उजव्यात हिरवी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

पहाटे पावणेसहा, तळ्याकाठचा लाकडी मनोरा, माणूस म्हणून मी एकटी. समोर चमच्या. पांढराशुभ्र, पळीसारखी चपटी चोच पाण्यात घालून मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. जणू कुणाचं तरी काहीतरी पाण्यात पडलंय आणि शोधायचं काम याच्या गळ्यात आलंय. उन्हाळा सरत आला की तळं आटतं, मासे उरलेल्या पाण्यात गोळा होतात, आणि हे चमचे दरवर्षी येतात. पण कड्यावाला आजवर एकही आला नव्हता. कुणीतरी, कुठेतरी, हा पिल्लू असताना याला धरलं, रंगीत कड्या घातल्या, वहीत टिपलं आणि सोडून दिलं. प्रत्येक पक्ष्याला रंगांची वेगळी मांडणी. पूर्ण मांडणी वाचून कळवली की कड्यांच्या केंद्रातून उत्तर येतं — हा कोण, कुठला, किती वर्षांचा.

अडचण एकच. प्रत्येक पायात दोन-दोन कड्या असतात आणि खालची पाण्याखाली आहे. स्वारी जवळजवळ पोटापर्यंत बुडालेली. सगळं तळं उथळ झालंय, तर हा नेमका खोल चरात जाऊन उभा!

हरकत नाही. पाणी रोज उतरतंय. मी थांबेन.

चारही कड्या वाचल्याशिवाय नोंद द्यायची नाही, हे ठरलं. पुढे काय होतं ते मला पाठ आहे. आमच्या पक्षीमंडळाच्या छापील यादीत तीन वर्षांत माझ्या अकरा नोंदी आल्या. अकराही नोंदींपुढे कंसात प्रश्नचिन्ह. बाकी कुणाच्याही नोंदीपुढे नाही. भर वर्गात एकटीलाच बाकावर उभं केल्यासारखं.

बाराव्या नोंदीपुढे ते चिन्ह नको. बाकी काही मागणं नाही.

७ मे

पाणी तेवढंच. चमच्या तेवढाच खोल. मी मात्र कामावर वीस मिनिटं उशिरा.

९ मे

आज नणंद आली मनोऱ्यावर. (तोंडावर मी तिला ‘अगं’ म्हणते, वहीत ‘वन्सं’. वहीत मान जास्त, कारण वही तिला ऐकू येत नाही.) पाठीवर ती तोफ. कॅमेरा म्हणे! एवढ्या नळीतून पूर्वी पाणीपुरवठा व्हायचा.

‘वहिनी, अजून तीच दुर्बीण?’

‘डोळेही तेच आहेत गं.’

‘एखादा कॅमेरा घे ना. दादाला सांगू का?’

‘दादाला सांग, तुझा उचलायला माणूस हवाय.’

हसली. हसते ती, हे तिचं चांगलं. मंडळात मला तिनेच आणलं, हेही खरं. नंतर पश्चात्ताप झाला असावा, पण घरातलं माणूस म्हणून बोलत नाही.

कॅमेरा मी का घेत नाही, हे कुणाला सांगून पटत नाही. दिवसभर एक्स-रे विभागात लोकांची हाडं टिपते. हात असा ठेवा, श्वास धरा, हलू नका, सोडा. साठ-सत्तर माणसं. पहाटेचे दोन तास तरी कुणाला ‘हलू नका’ न म्हणता बघावं, एवढीच हौस आहे. पण ‘फोटो नाही म्हणजे पक्षी नाही’ हा मंडळाचा कायदा.

कायदा केला तो आयोगाने. सगळे त्यांना सर म्हणतात, मी वहीत आयोग — एकसदस्यीय. परीक्षा मंडळातून निवृत्त झाले आणि ते मंडळ सुटलं म्हणून हे धरलं. आजही आले होते. दुर्बीण डोळ्यांना लावून ताठ उभे. आणि दुर्बीण लावूनसुद्धा प्रश्न आम्हालाच! ‘हं, काय काय दिसतंय?’ कुणी म्हणालं, शेकाट्या. ‘किती?’ सात. ‘अजून?’ चार टिबुकल्या. ‘अजून?’ तोंडी परीक्षा चाललेली. उत्तर स्वतःला माहीत असून दुसऱ्याला विचारण्यात या जातीला काय सुख मिळतं कोण जाणे.

कानाबद्दल मात्र बोलायला जागा नाही. लव्हाळ्यात कुठेतरी ‘ट्यूक’ झालं, एवढंच. मान न वळवता म्हणाले, ‘तुतारी. हिरव्या पायांची.’ पक्षी बाहेर आला, तीच निघाली.

भोवती त्यांची माणसं: ‘वा सर!’ तळ्यावर चमचे दोन प्रकारचे असतात. एक पाण्यात उभे असतात.

माझ्या कड्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. वन्सं तोफ जुळवत होती तोवर चमच्या लव्हाळ्यामागे गेला. गुणाचा!

१२ मे

पांढरी! लालच्या खाली पांढरी आहे. पाणी चार बोटं उतरलं.

उजव्या पायाची खालची अजून चिखलात. लपेटून बसलाय चिखल, रंग कळत नाही. पिवळी की पांढरी? माझं मन म्हणतं पिवळी. पण मन म्हणतं ते लिहायचं नाही, असं मी नव्या मुलींना रोज विभागात सांगते.

आज त्यातल्याच एकीने घोळ घातला. मनगटाच्या एक्स-रेवर शिशाचा ‘एल’ ठेवायचा तिथे ‘आर’ ठेवला. का, तर बाई समोर बसली होती आणि तिचा हात मुलीच्या उजव्या बाजूला होता. डॉक्टर बघणार उजव्या हाताचं हाड आणि दुखतोय डावा. ‘बाईंचा डावा,’ मी म्हटलं, ‘तुझा नाही. समोरच्याला स्वतःचे हातपाय असतात. आपण मोजायचे ते त्याच्या बाजूने.’ सव्वीस वर्षं हे वाक्य बोलतेय. माझ्या थडग्यावरही हेच लिहितील आणि ‘एल’ चुकीच्या बाजूला ठेवतील.

नवरा म्हणतो, ‘मग माझ्या बहिणीला सांगून टाक ना पक्ष्याचं, ती फोटो काढेल, सगळ्यांचंच भलं.’ या माणसाला आम्हा दोन राष्ट्रांमधला तटस्थ देश म्हणून मान्यता आहे. अशा सूचना करून तो ती घालवतो.

१३ मे

आला नाही. पाऊण तास बगळ्यांकडे अशी बघत होते की बगळेच ओशाळले.

१४ मे

पिवळी!!

सहा वाजून दहा मिनिटं. उथळ पाण्यात आला, स्वतःहून, पाठमोरा उभा राहिला आणि एक पाय उचलून झटकला. चिखल गेला. हिरवीच्या खाली पिवळी, ऊन पडल्यावर लख्ख. मग वळून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. पुन्हा वाचल्या. मग बाजूने. तिन्हीकडून वाचल्या. डावा पाय लाल, खाली पांढरी. उजवा पाय हिरवी, खाली पिवळी. कड्या घोट्याच्या वर. (लोक त्याला गुडघा म्हणतात. पक्ष्याचा गुडघा पिसांत असतो. उलटा वाकतो तो घोटा. हाडांच्या बाबतीत माझ्याशी वाद नको.)

मनोऱ्यावर एकटीच नाचले. लाकूड जुनं आहे, आवाज झाला. सात शेकाट्या उडाल्या. उडू देत!

कामावर जाताना मंडळाच्या ग्रुपवर नोंद टाकली. तारीख, वेळ, अंतर, प्रकाश, पाय, रंग. एक्स-रेच्या अहवालासारखी, फालतू शब्द एकही नाही.

सव्वा तासाने आयोग उवाच: ‘फोटो?’

१५ मे

आजच्या साप्ताहिक तक्त्यात: ‘चमच्या, १, कड्यांसह (?)’.

बारा झाली.

१७ मे

वन्संनी टिपला. रविवार, भर उजेड, तोफेचा एकच बार आणि काम फत्ते. ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. दोन लांब काळे पाय, पाणी, चार कड्या. चमच्या बाकी नाहीच! मान, चोच, पंख सगळं कापून फक्त पाय. कसायाच्या दुकानातल्यासारखे.

खाली वन्संची नोंद: डावा पाय हिरवी-पिवळी, उजवा लाल-पांढरी.

उलट! माझ्या नेमकं उलट.

मी लगेच लिहिलं: ‘डावा-उजवा उलट झालाय. पक्ष्याचे पाय पक्ष्याच्या बाजूने धरतात.’

वन्संनी हसरा चेहरा टाकला. मग कुणी: ‘फोटोत स्पष्ट दिसतंय की, डावीकडे हिरवी.’ मग कुणी: ‘कॅमेरा खोटं बोलत नाही.’ मग अंगठे. सतरा अंगठे! आमच्या मंडळात सतरा माणसं आहेत हेच मला नव्हतं माहीत.

आयोग: ‘छायाचित्रासह आलेली नोंद ग्राह्य. केंद्राला कळवत आहे.’

कॅमेरा खोटं बोलत नाही, मान्य. बोलतच नाही तो. बोलतो तो त्याच्या मागे उभा असलेला.

२० मे

केंद्राचं उत्तर आलं आणि मंडळ वेडं झालं.

वन्संनी दिलेल्या मांडणीचा पक्षी केंद्राच्या वहीत आहे. पण तो सहा वर्षांपूर्वी जाळ्यात अडकून मेलाय. कड्या काढून केंद्रात परत आल्यात, पाकिटात ठेवल्यात. केंद्राने नम्रपणे विचारलंय, कृपया पुन्हा तपासता का?

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे, मग आपलंच काहीतरी चुकलं. आमचं मंडळ म्हणालं, केंद्राचं चुकलं! मेलेला पक्षी आपल्या तळ्यावर जिवंत सापडला! बेकरीवाल्याने (मंडळाचा खजिनदार, सज्जन, पाव उत्तम) शनिवारच्या बैठकीला केक आणायचं जाहीर केलं. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला बातमी द्यायची ठरली. मथळाही तयार: ‘तो परत आला!’

मेलेला परत आला, हे पटतं. मला डावं-उजवं कळतं, हे पटत नाही.

आणि रविवारी हे छापून आलं की संपलं. माझा पक्षी खरा आहे, जिवंत आहे, त्याची मांडणी मी तिन्ही बाजूंनी वाचली आहे. पण यादीत मेलेल्याचं नाव जाणार, आणि माझी नोंद कंसात, चिन्हासह, कायमची.

२१ मे

वन्संना फोन केला.

‘एवढंच सांग, चोच कुठे होती?’

‘कसली चोच?’

‘तू फोटो काढलास तेव्हा. त्याचं तोंड तुझ्याकडे होतं की पाठ?’

‘वहिनी, तुला एखादी गोष्ट माझ्या नावावर बघवतच नाही का गं?’

‘मूळ फोटो बघ. न कापलेला.’

‘दरवेळी तू परीक्षा घेतेस माझी. लग्न होऊन आलीस तेव्हापासून!’

‘अगं, फक्त चोच—’

ठेवला. तटस्थ देशाने चहा करून आणला आणि म्हणाला, ‘चोच जाऊ दे.’ मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने सीमा बंद केली.

एक मात्र मनाला लागलं. ‘तू परीक्षा घेतेस’ म्हणाली. मी? परीक्षा घेणारा तो दुसरा, मी बाकावर उभी असलेली! पण चहा पिताना आठवत गेलं. तिच्या भाताला, तिच्या पडद्यांना, तिच्या पहिल्या कॅमेऱ्याला मी काय काय म्हटलं होतं. सगळं हसत हसत. ती हसलीही होती.

असो. तरीही लाल डावीकडेच आहे.

२३ मे

आज जिंकले! सगळं नीट लिहून ठेवते, एकही घास वाया घालवणार नाही.

वाचनालयाच्या वरची खोली. घडीच्या खुर्च्या. टेबलावर केक, त्यावर क्रीमचा चमच्या. चोच उत्तम जमलेली. पाय नव्हतेच!

‘पाण्यात उभा आहे तो,’ बेकरीवाला म्हणाला. ‘म्हणून दिसत नाहीत.’

‘दादा,’ मी म्हटलं, ‘या केकवर तरी वाद होणार नाही.’

आयोग उठले, दोन वाक्यं अभिनंदनाची बोलले. वन्सं खुर्चीच्या टोकावर, अवघडून बसलेली, माझ्याकडे न बघता. वाटलं, रागावलीय.

मी हात वर केला. ‘मला पाच मिनिटं हवीत आणि दादांचे पाय.’

हशा. पण बेकरीवाला भला माणूस, उठला. मी त्याला पुढे उभा केला, सगळ्यांकडे तोंड करून, पँट गुडघ्यापर्यंत वर. (हा खरा गुडघा.) पाय मैद्याच्या रंगाचे. विभागातून रंगीत चिकटपट्ट्या आणल्या होत्या. त्याच्या डाव्या पोटरीला लाल गुंडाळली, उजवीला हिरवी. दहा कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या.

‘एकच प्रश्न. दादांच्या डाव्या पायात कुठला रंग? लिहा. बघाबघी नको.’

आयोगांपुढेही चिठ्ठी धरली. ‘मी नाही,’ म्हणाले. ‘परीक्षकाने पेपर लिहायचा नसतो.’ काय बाणेदारपणा!

चिठ्ठ्या गोळा करून त्यांच्याच हातात दिल्या. म्हटलं, तुमच्याच तोंडून होऊ दे. तर त्यांनी शेजारच्या दाताच्या डॉक्टरांकडे सरकवल्या: ‘तुम्ही वाचा.’ म्हणजे वाचायलाही माणूस लागतो!

डॉक्टरांनी वाचलं. हिरवी. हिरवी. लाल. हिरवी. हिरवी. लाल. हिरवी. हिरवी. हिरवी. लाल.

सात हिरव्या, तीन लाल.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘तुमचा डावा पाय उचला.’

त्याने उचलला. लाल! तोल गेला, डॉक्टरांनी धरला, पण पाय वरच. काय तो पाय! मला त्याची पाद्यपूजा करावीशी वाटली.

सात माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

‘समोरच्याचा डावा आपल्या उजवीकडे येतो,’ मी म्हटलं. ‘फोटो खरा आहे. कॅमेरा खरा आहे. पक्षी तोंड करून उभा होता आणि आपण त्याचे पाय आपल्या बाजूने लिहिले. केंद्राचं काही चुकलेलं नाही. मेलेला मेलाय. आपला जिवंत आहे, आणि तो वेगळा आहे.’

‘पण तो तोंड करूनच उभा होता कशावरून?’ मागून कुणीतरी. ‘फोटोत तर नुसते पाय.’

इथे मी अडकले असते. खरंच अडकले असते. उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते वन्संच्या कॅमेऱ्यात होतं.

वन्सं उठली. फोन पुढे करून सगळ्यांना दाखवत म्हणाली, ‘कारण चोच माझ्याकडे होती.’

न कापलेला फोटो. चमच्या समोरून, पळी सरळ कॅमेऱ्याकडे रोखलेली, डोळे दोन्ही दिसताहेत.

‘दुपारी बघितला मी मूळ फोटो,’ ती म्हणाली. ‘पाय मोठे दिसावेत म्हणून बाकीचा कापला होता. वहिनी बरोबर आहे. माझ्या चिठ्ठीवर लालच आहे, बघा हवं तर.’

बघितलं. तीन लाल चिठ्ठ्यांतली एक तिची. दुसरी दाताच्या डॉक्टरांची. रोज समोरच्याच्या तोंडात डावं-उजवं करणारा माणूस तो. तिसरी कपडे शिवणाऱ्या काकूंची. त्या म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकाचा डावा खांदा उतरता असला तर मी माझ्या डाव्या बाजूने कापू का?’ तीन धंदे, तिघं बरोबर असं लिहिणार होते, पण वन्संचा धंदा तसा काही नाही. तिला नुसतं कबूल करावं लागलं. ते जास्त अवघड.

मी तिला काहीतरी खोचक म्हणणार होते. तयार होतं, जिभेवर होतं. गिळलं. कडू नव्हतं.

आयोग उभे राहिले. ‘नोंद बदलण्यात येईल. बाईंची नोंद केंद्राला आजच कळवतो. पुरवणीलाही.’ एवढंच. चेहऱ्यावर रेष नाही.

केक मीच कापला. क्रीमच्या चमच्याची मान वन्संना दिली. ‘हे घे, तू कापून टाकलं होतंस ते.’

(गिळलं होतं, पण थोडं उरलं होतं.)

इतकी हसली की क्रीम नाकाला लागलं.

२४ मे

पुरवणीत बातमी अचूक. डावा, उजवा, रंग, सगळं. फोटो मात्र पानावर शोभावा म्हणून आरशातल्यासारखा उलटा छापलाय!!

२५ मे

विभागात पुरवणी नोटीस फलकावर लावली. खाली लिहिलं: ‘यातली चूक शोधा.’ ‘एल’-‘आर’चा घोळ घालणाऱ्या मुलीने चहाच्या आत शोधली. बढती मिळेल पोरीला.

२८ मे

उत्तर आलं! केंद्राचं. आयोगांनी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं.

माझा पक्षी वहीत आहे. चौदा वर्षांपूर्वी घरट्यात कड्या घातलेला. नऊ वर्षं कुणालाही, कुठेही दिसलेला नाही. केंद्राने आशा सोडली होती. आणि त्या घरट्यात दोन पिल्लं होती. एकाच दिवशी, एकाच माणसाने दोघांना कड्या घातल्या. भावंडं म्हणून तेच चार रंग. एकाला जे डाव्या पायात, ते दुसऱ्याला उजव्या. जाळ्यात मेलं ते दुसरं.

म्हणजे परवा वाचनालयात आम्ही केक मांडून एका भावाच्या नावावर दुसऱ्याचं मरण चढवायला निघालो होतो.

केंद्राने शेवटी लिहिलंय: ‘अशी काळजीपूर्वक नोंद क्वचित येते. निरीक्षकाला आमचे आभार कळवावेत.’ निरीक्षकाला! मी ते मोठ्याने वाचलं. नवऱ्याने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा त्यानेच वाचलं, फोनवर, बहिणीला. तटस्थता संपली. ती पलीकडून ओरडली, ‘दादा, फ्रेम कर!’ आणि मग मला: ‘वहिनी, उद्या पहाटे येऊ का तुझ्याबरोबर? तोफ नाही आणत.’

‘आण,’ मी म्हटलं. ‘पण पुरा पक्षी काढायचा.’

संध्याकाळी यादीचा कच्चा मसुदा आला. बारावी नोंद. चमच्या, कड्या, रंग, पाय. पूर्णविराम. कंस नाही, चिन्ह नाही! बोट फिरवून पाहिलं कागदावरून. गुळगुळीत.

आज मी या तळ्याची राणी आहे. उद्या कामावर जाईन, आज नाही.

२९ मे

चर आटला. चमच्या गेला, आमच्या डोळ्यांदेखत, दोन फेऱ्या मारून. वन्संनी पुरा काढला.

३१ मे

मनोऱ्यावर आयोग एकटेच बसलेले. मी म्हटलं, अभिनंदन करायला आलात का? ‘नाही, सांगायला आलो,’ म्हणाले. तीन वर्षं झाली, डोळ्यांचे पडदे निकामी होत चाललेत. समोरचा काठ त्यांना नुसता पांढरा दिसतो. फोटो आला तर भिंतीवर मोठा करून, नाक लावून बघता येतो. ‘बाकीचे फोटो देतात. तुम्ही नुसतं सांगायचात. मला दिसलं नाही तर मी खरं म्हणून कसं लिहू? आणि दिसत नाही, हे तरी कसं लिहू? म्हणून ते चिन्ह. तुमच्यावर नव्हतं, बाई.’

कुणालाच माहीत नाही म्हणाले. घरीसुद्धा नाही.

त्यांच्यावर केलेले माझे सगळे विनोद या वहीत आहेत. चांगले जमलेत. हीच पंचाईत आहे.

मी शेजारी बसले. डावीकडून सुरुवात केली, माझ्या डावीकडून, आणि काठावरचं एक-एक सांगत गेले. ते मोठमोठ्या अक्षरांत लिहीत होते.